प्रवेश घेतलेल्यांचे पुढे काय झाले? : पुणे विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे.

विषय : विद्यार्थ्यांचे प्रवेश, शिक्षणाचा खर्च आणि पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण यांचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

पुणे विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याला 18 महाविद्यालये संलग्न होती आणि त्यांत आठ हजारांच्या वर विद्यार्थी शिकत होते. कार्यक्षेत्र मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या बारा जिल्ह्यांचे होते. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि 1990 मध्ये जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर पुण्याकडे पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे तीनच जिल्हे राहिले. क्षेत्र आक्रसले, पट मात्र वाढतच गेला. आज संलग्न महाविद्यालये आणि मान्यताप्राप्त संस्था कित्येक शेकड्यांत आहेत आणि विद्यार्थी लाखांत. गणेशखिंडीच्या चारशेहून अधिक एकरांच्या आवारात त्यांतला फार छोटा भाग शिकतो. बाकीचे सिन्नर, संगमनेर, जुन्नर, बारामती, कळवण, शेवगाव अशा गावांतल्या महाविद्यालयांत असतात. विद्यापीठाचे नाव त्यांच्या गुणपत्रिकेवर असते, पण आवाराशी त्यांचा संबंध बहुतेक वेळा परीक्षेपुरताच येतो.

ही रचना पुण्याने शोधलेली नाही. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, असा तो नमुना होता. खुद्द लंडनने 1900 च्या सुमारास आपली घडी बदलून अध्यापनाकडे मोहरा वळवला. महाराष्ट्रात ती घडी अजून कायम आहे. तिचा एक परिणाम असा की, विद्यार्थ्याची जबाबदारी दोन ठिकाणी वाटली जाते आणि हिशेब कोणाकडेच पुरा राहत नाही. महाविद्यालयाला प्रवेशाचे आणि शुल्काचे आकडे ठाऊक असतात, विद्यापीठाला परीक्षेचे, समाजकल्याण आणि उच्च शिक्षण खात्यांना शिष्यवृत्तीचे. एका मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर प्रवेश घेतला तेव्हापासून ती पदवी घेऊन बाहेर पडली किंवा मध्येच गळाली तोपर्यंतची सलग नोंद एका जागी लावून लोकांपुढे कोणी ठेवत नाही.

सार्वजनिक विद्यापीठाबाबत लोकांनी विचारायचे प्रश्न मुळात तीन आहेत. आत कोण येते, त्याला एकूण खर्च किती येतो आणि शेवटी त्याच्या हाती काय पडते. पहिल्या प्रश्नाचा जून-जुलैत गाजावाजा होतो. दुसऱ्याचे उत्तर अर्धे मिळते. तिसऱ्याला उत्तरच नाही.

प्रवेशाची चर्चा बहुधा कट-ऑफच्या भाषेत चालते. बारावीचा निकाल लागला की (2025 मध्ये राज्य मंडळाचा निकाल 91.88 टक्के होता) पुण्यातल्या नामवंत महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या वर्तमानपत्रांत येतात आणि नव्वद टक्क्यांच्या खाली कोणाला जागाच नाही असा समज पसरतो. हे चित्र मूठभर महाविद्यालयांचे आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या पारंपरिक शाखांचे प्रवेश प्रत्येक महाविद्यालय आपापल्या पातळीवर बारावीच्या गुणांवर देते, आणि तालुक्याच्या गावी परिस्थिती बरोबर उलटी असते. तिथे जागा भरत नाहीत. तुकडी टिकली नाही तर कार्यभार जातो, कार्यभार गेला की शिक्षकाचे पद धोक्यात येते. म्हणून सुट्टीत प्राध्यापक मंडळी कनिष्ठ महाविद्यालयांतून आणि घरोघरी फिरून विद्यार्थी गोळा करतात. अशा वर्गात नाव नोंदवणारा मुलगा शिकायला आला आहे, की शिष्यवृत्तीसाठी, की पोलीस भरतीची तयारी चालू असताना हाताशी पदवी असावी म्हणून, हे प्रवेशाच्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांचा रस्ता वेगळा. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, विधी, व्यवस्थापन यांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष म्हणजे सीईटी सेल करतो आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून जागा वाटल्या जातात. विद्यापीठाच्या आवारातील विभागांची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. तिन्ही रस्त्यांवर आरक्षण लागू आहे: अनुसूचित जाती 13 टक्के, अनुसूचित जमाती 7, विमुक्त व भटक्या जमातींचे चार गट मिळून 11, विशेष मागास प्रवर्ग 2, इतर मागास वर्ग 19, त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे 10 आणि 2024 च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून मराठा समाजाला दिलेले 10. बेरीज 72 होते. अल्पसंख्याक संस्थांचे नियम निराळे आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते वेळेत न मिळाल्याने हातची जागा जाण्याची भीती दर वर्षी अनेक घरांना असते. आरक्षणाने दार उघडले हे निर्विवाद. दाराच्या आत गेल्यावर प्रत्येक प्रवर्गातले किती जण तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचले, ही पुढची आणि खरी मोजणी मात्र कोणत्याच फलकावर नसते.

प्रवेशाचे नियम बदलले की काय होते याचे ताजे उदाहरण बीबीए, बीएमएस आणि बीसीएचे आहे. 2024-25 पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागली. राज्यात जागा लाखाच्या वर आणि पहिली परीक्षा देणारे पन्नास हजारांच्या आत, अशी स्थिती झाल्याने ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तोच मजकूर बी.कॉम.च्या छत्राखाली नेला, म्हणजे सीईटीही नको आणि परिषदेची मान्यताही नको. नियम करणाऱ्यांना आणि नियम चुकवणाऱ्यांना दोघांनाही आपापले हित कळत होते. त्या वर्षी बारावी झालेल्या ज्या मुलांना परीक्षेची खबरच उशिरा लागली, त्यांचे किती नुकसान झाले याचा आकडा काढण्याची गरज कोणाला वाटली नाही.

खर्चाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण ‘फी’ या एका शब्दाखाली पुष्कळ वेगळ्या गोष्टी दडतात. एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या दोन वर्गांत शुल्काचा फरक अनेक पटींचा असू शकतो. बी.ए.चा वर्ग अनुदानित असतो. तिथल्या शिक्षकांचा पगार शासन देते आणि वर्षाचे शुल्क काही हजारांत भागते. पलीकडच्या बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या वर्गाला अनुदान नाही. तिथे शुल्क काही दहा हजारांत जाते आणि शिकवणारे बहुधा कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचे असतात. ज्या अभ्यासक्रमाला नोकरीच्या बाजारात थोडीफार किंमत आहे, नेमका तोच विनाअनुदानित, हा योगायोग नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि 2001 नंतर नवी महाविद्यालये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच मंजूर होऊ लागली. त्यामुळे नवे, मागणी असलेले शिक्षण वाढले ते विद्यार्थ्याच्या खिशातून, आणि अनुदान जुन्या शाखांत अडकून राहिले. सार्वजनिक विद्यापीठाची पदवी हातात असली तरी तिच्यामागचा पैसा सार्वजनिक असेलच असे नाही.

शुल्काची पावती नीट वाचली तर तिच्यावर दहा-पंधरा बाबी सापडतात. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, आणि कुठे आपत्ती व्यवस्थापन निधी तर कुठे अश्वमेध क्रीडा महोत्सवाचा वाटा. यांतली एकेक रक्कम किरकोळ असते. पण शुल्कमाफी बहुतेकदा शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची असते, ‘इतर शुल्क’ विद्यार्थ्याच्या माथी राहते. निकालानंतर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचे पैसे, पुनर्मूल्यांकनाचे पैसे आणि राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरण्याचे पैसे येतात. नापास होणे हीसुद्धा विद्यापीठाच्या जमेची एक बाजू आहे, हे बोलायला कडू असले तरी खरे आहे.

शासनाच्या योजना कमी नाहीत. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये. जुलै 2024 मध्ये शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली; आधी ती निम्मी होती. त्यासाठी 906 कोटींच्या अतिरिक्त भाराला मंजुरी मिळाली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण त्याच्या कडाही पाहायला हव्यात. सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमाची, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए. करणारी मुलगी त्यात बसत नाही. सवलत शुल्काची, म्हणजे राहण्या-जेवणाचा प्रश्न तसाच राहतो. बारावीपर्यंत गावाहून येणाऱ्या मुलीला एसटीचा मोफत पास असतो. पदवीच्या वर्गात गेली की तो संपतो आणि सवलतीचा असला तरी पैसे भरून काढायचा पास सुरू होतो. अठराव्या वर्षी, जेव्हा घरात लग्नाचा विषय निघतो, तेव्हा महिन्याकाठचे हे काही शे रुपये निमित्त म्हणून पुरतात.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असलेल्यांना फ्रीशिप मिळते, निर्वाह भत्ता नाही. या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो आणि शुल्काचा भाग त्याने सात दिवसांत महाविद्यालयाला द्यायचा असतो. कागदावर हा पारदर्शक व्यवहार आहे. प्रत्यक्षात हप्ता सत्र उलटून गेल्यावर येतो, तोवर घरी उसनवारी झालेली असते आणि आलेला पैसा आधी तिकडे जातो. मग महाविद्यालय टीसी किंवा गुणपत्रिका अडवून धरते. दोष शोधायला गेले तर प्रत्येक टेबलावर नियमाचा कागद दाखवला जातो.

राहण्याच्या खर्चाचा अंदाज शासनाच्याच एका आकड्यावरून येतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबईसारख्या शहरांत तिची वार्षिक रक्कम 60 हजार: भोजन 32 हजार, निवास 20 हजार, निर्वाह 8 हजार. वीस हजाराला बाराने भागले तर महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये होतात. त्या पैशात पुण्याच्या पेठांत खोली तर सोडाच, चार जणांच्या खोलीतली एक कॉटही मिळणे कठीण. जेवणाचे बत्तीस हजार म्हणजे दिवसाला नव्वदच्या आत, त्यात चहा-नाश्ता आणि दोन वेळची मेस. 1955 मध्ये अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती खेड्यांतून येणाऱ्या मुलांना राहायला जागा नव्हती म्हणून. सत्तर वर्षांनंतरही विद्यापीठाची वसतिगृहे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पुरत नाहीत, आणि कोथरूड, शिवाजीनगर, नारायण पेठेतल्या खासगी खोल्यांचे भाडे हाच पुण्यातल्या पदवीचा सर्वांत मोठा खर्च होऊन बसला आहे. तो कोणत्याही शुल्कपत्रकात नसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना अनेकांना हात देते, पण तिच्या तासांची कमाई आणि महिन्याचे भाडे यांची तोंडमिळवणी होत नाही.

आणखी एक खर्च असा आहे की जो कोणी लिहूनच ठेवत नाही. अठरा ते एकवीस या वयातला मुलगा शेतात, गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात असता तर घरात पैसे आणून देता. चाकण किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांत हा विचार प्रत्येक घरात होतो. पहिल्या वर्षानंतर वर्गातून गायब होणारे विद्यार्थी बहुतेकदा अभ्यास झेपला नाही म्हणून गेलेले नसतात. हा हिशेब त्यांनी आपल्यापुरता सोडवलेला असतो.

इथून तिसऱ्या प्रश्नाकडे येता येते. महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत निकाल 85, 90, 95 टक्के असे छापलेले असतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या म्हणजे नॅकच्या अहवालातही उत्तीर्णांचे प्रमाण द्यावे लागते. या टक्केवारीचा छेद काय आहे ते पाहिले की मेख कळते. ती अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांतून काढलेली असते. समजा, एका तुकडीत पहिल्या वर्षाला 120 जणांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत 75 पोहोचले आणि 60 उत्तीर्ण झाले. फलकावर निकाल 80 टक्के लागतो. प्रवेश घेतलेल्यांतून पाहिले तर तो 50 टक्के आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पालकाने आणि करदात्याने विचारायचा तो दुसरा, आणि छापला जातो तो नेहमी पहिला. मधल्या 45 जणांना कोणत्याही कोष्टकात रकाना नाही.

राष्ट्रीय मानांकन आराखड्यात म्हणजे एनआयआरएफमध्ये याहून बरी माहिती मागितली जाते. पहिल्या वर्षी किती दाखल झाले, किमान मुदतीत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्य वेतन किती, उच्च शिक्षणाला किती गेले, हे सर्व त्यात वर्षवार भरावे लागते. पदवीधरांच्या निष्पत्तीला तिथे 20 टक्के भार आहे. पण विद्यापीठाच्या नावाने जे भरले जाते ते आवारातल्या विभागांचे असते. संलग्न महाविद्यालयांतले लाखो विद्यार्थी त्या गणितात नाहीत. 2024 मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांची स्वतंत्र यादी प्रथमच निघाली, त्यात पुणे विद्यापीठ अण्णा आणि जादवपूर विद्यापीठांनंतर तिसरे होते. दुसऱ्याच वर्षी ते पहिल्या दहांतूनही बाहेर गेले आणि शहरात मोठी हळहळ झाली. शिक्षकांच्या रिक्त जागांवर बोट ठेवले गेले, ते रास्तही होते. पण ही सारी चर्चा गणेशखिंडीच्या कुंपणाच्या आतली होती. अकोले किंवा पेठ तालुक्यातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ तिसरे असले काय आणि अकरावे असले काय, त्याच्या वर्गात इंग्रजीचा शिक्षक वर्षभर टिकला का, हा त्याचा प्रश्न होता.

शिक्षकांच्या जागा हा निष्पत्तीचा पाया आहे. वर्षानुवर्षे भरती रखडते, मंजूर पदे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक दर सत्राला नव्याने नेमणूक घेऊन मोजलेल्या तासांचे मानधन घेतो. सेट, नेट, पीएच.डी. झालेला माणूस एका दिवसात दोन महाविद्यालये गाठत असेल तर त्याने विद्यार्थ्याला नावाने ओळखावे ही अपेक्षाच अन्यायाची ठरते. मुलगा वर्गात येईनासा झाला हे सर्वांत आधी ज्याला कळायला हवे तो माणूसच तिथे कायमचा नाही.

निकालाच्या तारखा हीसुद्धा निष्पत्तीचीच बाब आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत निकाल लागायला हवा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिकांचा गोंधळ झाला आणि कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. त्या प्रकरणाची बातमी झाली कारण घोळ एकाच वेळी सर्वांचा झाला. एरवी महिना-दीड महिना उशिरा लागलेला निकाल कोणाच्या लेखी बातमी नसतो, पण त्या काळात पदव्युत्तर प्रवेशाची मुदत जाते, नोकरीचे बोलावणे जाते, आणि एखाद्याचे पूर्ण वर्ष जाते.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात आणखी एक पेच घातला आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली. एक वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. ज्याला अडचणीमुळे थांबावे लागले त्याला परत येण्याचा रस्ता राहतो, हे चांगलेच. पण मध्येच बाहेर पडणाऱ्याने त्यासाठी जादा श्रेयांकांचे कौशल्यकाम पुरे करायचे असते. जो मुलगा दिवाळीनंतर वर्गात आलाच नाही, तो ते करायला येत नाही. उद्या गळतीलाच ‘बहुविध निर्गमन’ म्हटले गेले, तर आज निदान नाव असलेले दुखणे उद्या निनावी होईल. म्हणून हिशेब आताच सुरू करणे अगत्याचे आहे, जुन्या पद्धतीची शेवटची तुकडी आणि नव्या पद्धतीची पहिली तुकडी यांची तुलना करण्याची संधी पुन्हा येणार नाही.

हा हिशेब मांडायला नवी यंत्रणा लागत नाही. पुणे विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन देते. पात्रता, परीक्षा अर्ज, बैठक क्रमांक, निकाल, पदवी प्रमाणपत्र, सर्व त्याच क्रमांकाला जोडलेले असते. श्रेयांकांच्या राष्ट्रीय पेढीतले खाते आणि महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज हेही आहेत. एका वर्षी दिलेले पीआरएन घ्यायचे आणि तीन, चार, पाच वर्षांनंतर त्यांतले किती पदवीला पोहोचले ते मोजायचे, एवढेच काम आहे. संगणक विभागातले दोन कर्मचारी ते काही आठवड्यांत करू शकतील. अमेरिकेत ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर 2015 पासून प्रत्येक महाविद्यालयाचा सरासरी खर्च, पदवीधर होणाऱ्यांचे प्रमाण आणि नंतरची कमाई पाहता येते. तिथले शिक्षण महाग आहे आणि कर्जाने गांजलेले आहे, त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही. पण प्रवेश घेण्याआधी हे आकडे समोर असावेत एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे. आणि तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई विद्यापीठाच्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. 1862 मध्ये बी.ए. झालेले न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांत आहेत. त्या काळी सगळे हाताने लिहून ठेवले जाई.

आक्षेप येतील. लहान महाविद्यालयांची बदनामी होईल, हा पहिला. दुष्काळी तालुक्यातल्या महाविद्यालयात निम्मे विद्यार्थी गळत असतील आणि शहरात एक दशांश, तर दोष महाविद्यालयाचा की परिस्थितीचा? प्रश्न रास्त आहे. त्यामुळेच नुसती टक्केवारी न देता प्रवेश घेणाऱ्यांचे बारावीचे गुण, प्रवर्ग, मुली-मुलगे, घरातले पहिलेच पदवीला आलेले किती, हेही सोबत द्यायला हवे. मग दिसेल की चाळीस टक्क्यांच्या मुलांना घेऊन त्यांतल्या साठ जणांना पदवीपर्यंत नेणारे महाविद्यालय, नव्वद टक्केवाल्यांना घेऊन तेवढेच करणाऱ्या महाविद्यालयापेक्षा अधिक काम करते आहे. आज त्या महाविद्यालयाच्या श्रमाला मोजमापच नाही. दुसरा आक्षेप नोकरीच्या आकड्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. प्लेसमेंटचे आकडे फुगवले जातात हे सर्वांना माहीत आहे. महिनाभर टिकलेली कॉल सेंटरची नोकरीही त्यात धरली जाते. म्हणून सुरुवात नोकरीपासून करू नये. पदवी किती जणांना, किती वर्षांत मिळाली हा आकडा विद्यापीठाच्या स्वतःच्या दप्तरातला आहे, तो कोणाला फुगवता येत नाही. आधी तो द्यावा.

विद्यापीठाने 2014 मध्ये सावित्रीबाईंचे नाव घेतले. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा रोख हाच होता की शिक्षणावरचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ भलत्यांनाच होतो. वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण यांवरच्या खर्चाची तुलना त्यांनी सरकारपुढे मांडली. आता रयतेची मुले विद्यापीठात आली आहेत, हा सव्वाशे-दीडशे वर्षांतला मोठा बदल. पण पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला हा त्यांचा प्रश्न अजून उत्तराविना आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची साधने आज विद्यापीठाच्या हाती आहेत.

म्हणून व्यवस्थापन परिषदेपुढे विनंती आहे. अधिसभेपुढे आणि मग विधिमंडळात जाणाऱ्या येत्या वार्षिक अहवालात प्रत्येक संलग्न महाविद्यालयाचे, प्रत्येक अभ्यासक्रमाचे एक कोष्टक असावे. पहिल्या वर्षी दाखल झालेले, प्रवर्गनिहाय. दुसऱ्या वर्षात गेलेले. तीन वर्षांत आणि पाच वर्षांत पदवी मिळालेले. वर्षाला घेतलेले एकूण शुल्क, ‘इतर’ धरून. शिष्यवृत्तीचा पैसा कोणत्या महिन्यात आला. आणि वर्गाला शिकवणाऱ्यांत कायम शिक्षक किती. पहिल्या वर्षी आकड्यांत चुका निघतील, त्या दुरुस्त होतील. माहितीपुस्तिका छापताना महाविद्यालयांना हेच कोष्टक पहिल्या पानावर देणे सक्तीचे करावे आणि ते मराठीत असावे, कारण प्रवेशाच्या रांगेत मुलीसोबत उभ्या असलेल्या आईला ते वाचता आले पाहिजे.